चौकटीतला मजकूर

एका मंगळवारी माझी बायको ऑफिसात वारली. दुपारची मीटिंग संपली, ती खुर्चीतून उठली आणि पडली. फोन आला तेव्हा मी शिकागोत लायब्ररीत होतो. ट्रेनने आमच्या गावी, नेपरव्हिलला, आलो आणि स्टेशनवरून हॉस्पिटलमध्ये गेलो. तिची गाडी त्या दिवशी घरी गॅरेजमध्ये होती, चार स्टँडवर उचललेली. इंजिनाच्या मागच्या अंगाचे पाच नट काढायचे होते. चार निघाले होते.

पाचव्याबद्दल मला लिहायचं आहे. पण आधी गाडीबद्दल लिहायला हवं.

गाडी जपानी, दोन सीटांची, कापडी टपाची. घेतली तेव्हा वीस वर्षांची होती. तिचं इंजिन पुढे नसतं आणि अगदी मागेही नसतं. सीटांच्या पाठीशी, मागच्या चाकांच्या अलीकडे असतं. याचं एवढं काय, असं मी विचारलं तेव्हा बायकोने स्वयंपाकघरातला झाडू घेतला. आधी टोकाला धरून फिरवून दाखवला, मग मध्यावर धरून. मध्यावर धरलेला झाडू नुसत्या मनगटाने फिरत होता. "वजन मध्ये असलं की गाडी अशी वळते," ती म्हणाली. तोटाही तिनेच सांगितला. वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, तर मागची बाजू पुढे यायला बघते. "घाबरायचं असेल तर वळणाच्या आधी घाबरून घ्यायचं."

अशा बांधणीच्या गाड्या बहुधा श्रीमंतांकडे असतात. ही तशी नव्हती. कोणाला फारशी नको असलेली, स्वस्तातली, विस्कॉन्सिनमधल्या एका निवृत्त सुताराकडे पडून होती. मुलगी शिकून मिलवॉकीला शाळेत शिकवायला लागली त्या वर्षी आम्ही मिनीव्हॅन विकली आणि ही आणली. बायको तेव्हा पन्नाशीची होती. गणपतीच्या कार्यक्रमात एका काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी, दोनच सीट? पाहुणे आले तर कुठे बसवणार?"

"म्हणून तर घेतली, भाऊजी," ती म्हणाली.

ती पुण्याहून नोकरीच्या व्हिसावर आली आणि मी तिच्यामागे डिपेंडंट म्हणून. पहिली चार वर्षं मला काम करायची परवानगी नव्हती. मी घर बघायचो, मुलीला बघायचो आणि वाचायचो. पुढे लायब्ररीत नोकरी मिळाली तरी घरातली वाटणी तीच राहिली. करायची कामं तिची, वाचायची माझी. टॅक्सची पत्रकं, व्हिसाचे कागद, मुलीच्या शाळेचे नियम, औषधांच्या घड्या घातलेल्या बारीक अक्षरांच्या चिठ्ठ्या, सगळं मी वाचून तिला दोन वाक्यांत सांगायचो. तिचा माझ्या वाचण्यावर भरवसा होता.

गाडी आली आणि सर्व्हिस मॅन्युअलही माझ्याकडे आलं. मी त्याची पानं छापून जाड फाइलमध्ये लावली. रविवारी सकाळी चहा झाला की ती गाडीखाली सरकायची आणि मी शेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर फाइल मांडीवर घेऊन बसायचो. तिचे हात ग्रीसने भरलेले असायचे, त्यामुळे पान उलटणं माझ्याकडे. इंग्रजी वाचायचो आणि मराठीत सांगायचो, कारण तिला हाताने काम करताना मराठी बरं पडायचं. ती मॅन्युअलला पोथी म्हणायची. खालून आवाज यायचा, "हं बुवा, आज कुठला अध्याय?"

पाच वर्षांत तिने बरंच बदललं. मागचे टायर रुंद केले. गिअरचा दांडा आखूड केला. मागच्या दोन्ही चाकांमध्ये जाड लोखंडी पट्टी टाकली, त्याने वळणात गाडी कमी झुकायची. एकदा हौसेने स्प्रिंग बदलून गाडी खाली आणली, तर ती आमच्याच घराच्या चढावर घासायला लागली, शिवाय माझे गुडघे तेवढ्या खालून उठेनात. दोन आठवड्यांनी तिने जुन्या स्प्रिंगा परत घातल्या आणि गुडघ्यांचा उल्लेखही केला नाही. माझ्या बाजूला, आरशाच्या खाली, तिने एक छोटा दिवा बसवला. वायर टपाच्या कडेतून अशी नेली की दिसत नाही. लांब जाताना अंधार पडला तरी मला वाचता यावं म्हणून. त्या गाडीत तिने केलेला हा एकच बदल असा होता, की ज्याचा गाडी चालण्याशी काही संबंध नव्हता.

माझ्या वाचण्यात एक खोट होती. मॅन्युअलमध्ये जागोजागी चौकटी असतात, त्यात इशारे असतात. इंजिन गार झाल्याशिवाय झाकण उघडू नये. गाडी स्टँडवर नीट बसली आहे याची खात्री करावी. प्रत्येक पानावर तेच. मी त्या चौकटी गाळायचो. वाक्यं तुटतात, सांगण्याची लय जाते, असं मला वाटायचं.

एका उन्हाळ्यात तिने रेडिएटरचं पाणी बदललं. या गाडीत रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, त्यामुळे पाण्याच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून लांबवर जातात, आणि पाणी भरताना आत हवा अडकते. ती कुठून कशी सोडायची हे चौकटीत होतं. मी ते वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी आयोवाच्या रस्त्यावर तापमानाचा काटा चढत गेला आणि आम्ही मक्याच्या शेताशी थांबलो. इंजिनावरचं बॉनेट उघडून तिने आतल्या नळ्या बघितल्या. मग तिने फाइल मागितली, ती चौकट शोधली आणि माझ्यासमोर धरली.

मी म्हणालो, "त्यात तेच तेच असतं गं."

"तेच तेच असतं म्हणूनच चौकटीत घालतात," ती म्हणाली. रागावली नव्हती. टो ट्रक येईपर्यंत आम्ही शेताच्या कडेला बसून डब्यातले धपाटे खाल्ले, आणि मी तिला त्या प्रकरणातल्या सगळ्या चौकटी वाचून दाखवल्या. त्यानंतर मी चौकट गाळली नाही. मॅन्युअलमधली तरी नाही.

शेवटचं काम तिने दोन वर्षं मनात ठेवलं होतं. या गाडीत इंजिनाला अगदी लागून, धूर बाहेर टाकणाऱ्या लोखंडी नळकांड्यात, धूर स्वच्छ करणारे चिनीमातीच्या जाळीचे दोन गाभे असतात. जुने झाले की कधी कधी त्यांचा चुरा होतो आणि इंजिन तो चुरा आत ओढून घेतं. बाहेरून काही कळत नाही. गाडी छान चालत असते आणि एक दिवस इंजिन संपतं. म्हणून ही गाडी बाळगणारे बरेच जण ते नळकांडं आधीच काढून नवं बसवतात. तिनेही नवं मागवलं. ऑक्टोबरच्या एका रविवारी आम्ही तो अध्याय काढला.

नळकांडं धरणाऱ्या पाच नटांपैकी चार सकाळी निघाले. पाचवा कोपऱ्यात होता, जुन्या हिवाळ्यांतल्या रस्त्यावरच्या मिठाने गंजून एकजीव झालेला. तिने स्प्रे मारला, थांबली, पाना लावला, ओढला. पुन्हा स्प्रे. दुपारी ती बाहेर आली आणि जमिनीवरच भिंतीला टेकून बसली.

"खांदा भरून आलाय," ती म्हणाली. "सूड घेतला त्या नटाने."

मी विचारलं, कुठला. तिने उजव्या हाताने डावा खांदा धरला. जबडाही आवळल्यासारखा वाटतोय म्हणाली, दात आवळून ओढत होते ना. मी बाम आणला आणि चोळून दिला. रात्री पुन्हा दुखला, पुन्हा चोळला. सोमवारी ती थकलेली होती, तरी ऑफिसला गेली. डॉक्टरांना दाखवूया असं मी एकदा म्हणालो, पण दुसऱ्यांदा म्हणालो नाही. "पोरीला सांगू नकोस," ती म्हणाली. "ती आधी गाडी विकायला लावेल."

मला एक सवय आहे. झालेल्या कामाची नोंद मी मॅन्युअलच्या समासात पेन्सिलीने करतो. त्या रविवारचीही केली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, हृदय. पुष्कळ बायकांमध्ये ते असंच येतं, खांदा, पाठ, जबडा, थकवा, आणि माणसं समजतात स्नायू दुखावला. मी मान हलवली. रात्री मुलगी मिलवॉकीहून आली. कॉरिडॉरमध्ये तिने मला धरून विचारलं, "बाबा, आई काही म्हणाली होती का? एनीथिंग?"

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

त्यानंतर तेरा दिवस घरात लोक होते. कोणी ना कोणी डबे आणत होतं. गणपतीतले तेच काका एका संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन आले आणि हळू आवाजात म्हणाले, की गाडी आहे तशी उचलून नेणारा एक जण त्यांच्या ओळखीचा आहे, मी नुसतं हो म्हणावं. मी नंतर बघू म्हणालो. सगळे गेले. बर्फ पडला. गाडी स्टँडवरच राहिली.

त्या हिवाळ्यात मी गॅरेजमध्ये जाऊन त्या स्टुलावर बसायचो. विचार एकच होता आणि तो पुढे सरकत नव्हता. पाना तिच्या उजव्या हातात होता. कोपरा असा अडचणीचा, की डावा हात तिथे पोचतच नव्हता. मी दिवसभर समोर बसून ते पाहिलं होतं. डावा खांदा दुखायचं काही कारण नव्हतं. मला ते रविवारीच दिसायला हवं होतं. मुलीचा फोन यायचा, दर वेळी थोडं बोलणं व्हायचं, आणि दर वेळी मी तिच्याशी पुन्हा एकदा खोटं बोललो असं वाटून फोन ठेवायचो.

एप्रिलमध्ये ती आईच्या साड्या आणि कपडे आवरायला आली. शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये उभी राहून तिने गाडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आपण हे पूर्ण करू. तू वाच, मी करते."

मी म्हणालो, "नको. मी करतो. तू वाच."

त्या रविवारची नोंद असलेलं पान मी हिवाळ्यात दोनदा फाइलमधून काढलं होतं आणि दोनदा परत लावलं होतं. मॅन्युअल माझ्या टॅबलेटवरही होतं. मी तिला फाइलच दिली. मग तिच्या आईच्या, चाकं लावलेल्या फळीवर पाठ टेकून गाडीखाली सरकलो.

ती इंग्रजीत वाचत होती, तिच्या वर्गात वाचत असेल तसं, स्पष्ट, चौकटींसकट. मग समासातल्या पेन्सिलीच्या ओळीशी थांबली. मराठी तिला वाचता येतं, लहानपणी रविवारच्या शाळेत शिकली आहे, पण अक्षर अक्षर लावत.

"नट पाच," तिने वाचलं. "जाम. हिचा… डावा खांदा… दुखतो. बाम लावला. थांबलो."

मला खालून तिचे बूट दिसत होते.

"डावा?" ती म्हणाली.

"हो."

"पण हे तर..." तिने बहुधा इंजिनाकडे पाहिलं असावं. "हे राइट हँडनेच करता येतं."

"हो."

"हॉस्पिटलमध्ये तू मला 'नाही' म्हणालास."

"हो. म्हणालो."

फाइल स्टुलावर ठेवल्याचा आवाज आला. ती घरात गेली. मी तसाच पडून राहिलो. वर नट दिसत होता. गॅरेजचा गारठा पाठीत शिरला होता. मग बूट परत दिसले. ती रडून आली होती हे आवाजावरून कळलं.

"मला राग आलाय, बाबा," ती म्हणाली. "तो आज जाणार नाही. पुढचं वाचू?"

मी वाच म्हणालो.

गंजलेल्या नटाचं काय करावं याबद्दल मॅन्युअलमध्ये काही नाही. आम्ही तो गॅसच्या छोट्या टॉर्चने तापवला, स्प्रे मारला, रात्रभर सोडून दिला. रविवारी पुन्हा तेच केलं. दुपारच्या सुमारास तो किंचित कुरकुरला, मग अर्धा आटा फिरला, आणि पुढे हातानेच निघाला. तिने तो तळहातावर घेतला आणि खिशात टाकला.

जुनं नळकांडं काढून आम्ही दारात उजेडात नेलं आणि तोंडातून आत पाहिलं. दोन्ही गाभे शाबूत होते. एकही कण सुटला नव्हता. बराच काळ ते तसेच टिकले असते. मुलीने ते फिरवून फिरवून पाहिलं, मग माझ्या हातात दिलं. मी ते बायकोच्या जुन्या टॉवेलात गुंडाळून भिंतीवरच्या फळीवर ठेवलं.

नवं बसवायला संध्याकाळ झाली. चारही चाकं जमिनीवर टेकल्यावर मुलीने गाडी सुरू केली. क्लचची गाडी तिला आईने शिकवली आहे. मला चालवता येत नाही.

गाडी आता चालते. मुलगी महिन्यातून एकदा येते आणि ती चालवते, मी उजवीकडे बसतो. तिचा राग कमी झाला आहे, गेला आहे असं ती म्हणत नाही आणि मीही विचारत नाही. समासातली नोंद फाइलमध्ये तशीच आहे. त्या छोट्या दिव्याचं बटण माझ्या डोक्याशी आहे. तो लागतो.