पंचाचा पाय

ती घटना मी विसरलेली नाही, आणि विसरू नये असंही वाटतं. नोकरीभर मी वेल्ह्याकडच्या एका पोलीस चौकीत झाडलोट केली, चहा केला. मोठ्या केसेस साहेब लोक लिहितात. ही लहान केस माझ्या वाट्याची.

चौकीत एक तांबडा कुत्रा होता. कुणी पंचनामा लिहायला घेतला की शेजारी येऊन बसायचा, म्हणून त्याचं नाव पंच. कुंपणाच्या तारेनं त्याचा मागचा पाय फाटला. जखम सुकायची आणि थोड्या दिवसांनी पुन्हा पू यायचा. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यानं पाय टेकणंच सोडलं. मग चौकीच्या जमादारांनी त्याला भोरला गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी मांडीवर धरून बसले होते. बाईंनी पू तपासायला पाठवला.

काही दिवसांनी बाईंचा फोन आला. जमादारांनी मोबाईल स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"नेहमीची औषधं ह्या जंतूंवर चालत नाहीत. कुणीतरी आधी गोळ्या दिल्यात, त्याही अर्धवट. थोडे जंतू मरतात आणि उरलेले निबर होतात. आता एकच औषध लागू पडेल. तेही असं अर्धवट गेलं, तर पाय काढावा लागेल. कोण देतंय ते आधी शोधा."

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर चौकशी लागली. शिपाई म्हणाले, आम्ही फक्त बिस्किटं देतो. मग समोरच्या चहावाल्याला बोलावलं. पंच रोज त्याच्याकडे पाव खायला जायचा.

"आवो साहेब, मला सोताची डोकेदुखीची गोळी घ्यायला सवड न्हाई, कुत्र्याला कवा देऊ?"

"मग एवढं पाव कशापायी चारतोस? लाच देतोस व्हय?" एक शिपाई म्हणाला. सगळे हसले, पण जमादार हसले नाहीत.

"पंच बरा होईस्तोवर त्याला हात लावायचा न्हाई," ते चहावाल्याला म्हणाले.

मला कुणी काही विचारलं नाही. मी लादी पुसत होते.

दुपारी पंच तीन पायांवर लंगडत फाटकापाशी गेला आणि टपरीकडे बघत बसला. चहावाल्यानं पाव हातात घेतला, परत ठेवला आणि पाठ फिरवली. मला ते बघवेना. मी फळीवरचा चहापावडरीचा जुना डबा काढला आणि जमादारांच्या टेबलावर ठेवला.

"मावशी, ह्ये काय?"

त्यांनी झाकण उघडलं. आत सुट्या गोळ्या होत्या. माझ्या पायाला गळू झालं होतं, तेव्हा दवाखान्यातून मिळालेल्या.

"म्याच दिल्या," मी म्हणाले. "भाकरीतून. दोन दिवसांत पू थांबायचा. मग बाकीच्या पुढच्या टायमाला ठेवायची. वाया जाऊ ने म्हनून."

आमच्या घरात तसंच करतात. बरं वाटलं की औषध बंद, उरलेलं डब्यात.

जमादारांनी झाकण लावलं आणि डबा टेबलाच्या खणात ठेवला. मला वाटलं, आता चौकी सुटली आणि पंचही.

"माझ्या बी घरात असा डबा हाय," ते म्हणाले. "आता नवं औषध तुमीच द्यायचं मावशी. चौदा दिवस. एक बी चुकवायची न्हाई."

संध्याकाळी मी चहावाल्याकडे गेले आणि गोळ्यांचं सांगितलं. मान वर होत नव्हती. तो म्हणाला, "बसा मावशी. तुमी कबूल केलं म्हनून, न्हाईतर मला आत टाकला असता!" आणि पाव माझ्या हातात दिला. "घ्या, ह्यात घालून चारा गोळी."

नवव्या दिवशी जखम सुकली. दहाव्या दिवशी पंचानं पाय टेकला आणि माझ्या झाडूमागं पळाला. सवयीनं माझा हात फळीवरच्या डब्याकडे गेला. तो तिथे नव्हता. मी पुढची गोळी पावात घातली. ती सुकलेली जखम बघत बघत चौदाव्या दिवसापर्यंत गोळी दिली आणि रिकामं पाकीट जमादारांपुढे ठेवलं.

"मुद्देमाल जमा," ते म्हणाले.

पंचाचा पाय राहिला. मायेनं केलेल्या गोष्टीचीही चौकशी करावी, एवढं मी त्या केसमधून शिकले. अजूनही घरात कुणाची गोळी उरलेली दिसली, की मी लाजत नाही. समोर बसवते आणि विचारते, उरली कशी?