शेवट करकंबच्या उसात

यंत्रमागाखाली सुताचा कचरा कसा साठतो, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. मुद्दाम कुणी टाकत नाही, माग चालू राहिला की तो आपोआप साठतो. शूटिंगवरचे किस्से तसेच. काम थोडं आणि वाट बघणं जास्त. ढग सरकायची वाट, शेजारचा कोंबडा गप्प बसायची वाट, हिरोची दाढी वाढायची वाट. वाट बघणारी माणसं बोलतात, आणि बोलणारी माणसं कधी ना कधी घसरतात.

माझं काम कंटिन्युइटीचं. मागच्या शॉटमध्ये चहाचा कप अर्धा होता, तर पुढच्या शॉटमध्येही तो अर्धाच आहे ना, हे बघायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. नवऱ्यानं चष्मा कुठं ठेवलाय हे लग्न झाल्यापासून मीच सांगत आले, तेवढाच काय तो अनुभव.

आमची डायरेक्टर शीतल. आधी लग्नाचे व्हिडिओ काढायची. मग पुण्यात एका मालिकेवर चौथी असिस्टंट झाली, मग तिसरी, मग दुसरी. पहिली व्हायच्या आतच सोलापूरला परत आली. म्हणाली, "जयूताई, तिथं माझा नंबर लागेपर्यंत मला चष्मा लागेल."

आणि प्रोड्यूसर अनसूयाक्का. घरचा टॉवेल-चादरींचा कारखाना. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि चिडल्या की दोन्ही. नवऱ्यामागं कारखाना त्यांनीच चालवला. शीतलनं त्यांच्या भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ असा काढला होता की, त्यात रुसलेल्या आत्यासुद्धा चांगल्या दिसत होत्या. तेव्हाच अक्कांनी ठरवलं, ही पोरगी कामाची आहे.

या दोघींनी मिळून शीतलचा पहिला सिनेमा करायला घेतला.

*

सिनेमा अर्धा झाल्यावर मुंबईच्या एका चॅनलनं तो घ्यायची तयारी दाखवली. व्हिडिओ कॉल ठरला. अक्कांच्या कारखान्यातल्या ऑफिसात आम्ही तिघी लॅपटॉपसमोर बसलो. पलीकडून एक तरुण गृहस्थ हसून म्हणाले, "नमस्कार मॅडम. डायरेक्टर सर जॉइन झाले की सुरू करू."

शीतलनं अक्कांकडं बघितलं. गृहस्थ घड्याळ बघत होते. मीही उगाच दाराकडं बघून घेतलं.

शेवटी अक्का म्हणाल्या, "सर अजून जन्मायचेत. तोवर आमी दोघी चालू का?"

त्यानंतर बिचारे फार नम्र झाले. पण मुद्द्याचं तेच बोलले. "शीतल, स्टोरी आवडली. पण पहिल्यांदा करणाऱ्यांचे सिनेमे शेवटाला पडतात. तुमचा सगळा खेळ शेवटावर आहे. घर सोडून गेलेली मुलगी, तिला उभ्या उसात शोधणारी आई. ते करून दाखवा. जमलं तर सिनेमा आमचा. नाही जमलं तर सॉरी."

कॉल संपल्यावर शीतल लॅपटॉपच्या काळ्या पडद्याकडं बघत राहिली. हा सिनेमा चॅनलनं घेतला नाही, तर तिला पुन्हा पुण्यात दुसरी असिस्टंट व्हावं लागणार होतं. तेही जागा शिल्लक असली तर.

*

सर नाहीत म्हटलं तरी गावोगाव लोकांना सर लागतातच. मोडनिंबला शूटिंग होतं तेव्हा गावची मंडळी शाल, नारळ आणि फेटा घेऊन आली. चौकशी न करताच सरळ सलीमभाईंकडं गेली. सलीमभाई आमचे लाइटमन. भरदार पोट, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. कुणालाही डायरेक्टर वाटावेत असे.

सलीमभाई घाबरून शीतलकडं बघायला लागले. शीतलनं लांबूनच खूण केली, चालू द्या.

सलीमभाईंना फेटा बांधला गेला, शाल घातली गेली. मग भाषण झालं, त्याला उत्तर द्यायला लावलं. मग चहा, मग पोहे, मग एका होतकरू तरुणानं गाणं म्हणून दाखवलं. गर्दी सगळी तिकडं. तेवढ्यात शीतलनं रिकाम्या गल्लीत जे शॉट्स आम्हाला दोन दिवस मिळत नव्हते ते सगळे उरकून घेतले.

संध्याकाळी सलीमभाई फेटा काखेत धरून आले. "मॅडम, कल मेरेकू कौन्से गाव में डायरेक्टर होना?"

पुढं ती आमची पद्धतच पडली. कॉलशीटवर, म्हणजे रोजच्या कामाच्या यादीत, त्यांच्या नावापुढं मी 'लाइट्स आणि सत्कार' असं लिहायला लागले.

*

गरिबाच्या घराचा सीन होता. सेट सजवणाऱ्या आर्टवाल्यानं एक चादर दोन दिवस खपून जुनी केली होती. चहात बुडवली, दगडावर घासली, कोपरा उसवला. तिच्यावर आई बसलेली, असे निम्मे शॉट्स झाले. बाकीचे दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी मी सेटवर जाऊन बघते तर खाटेवर पांढरीशुभ्र, इस्त्रीची घडी. कोपरा शिवलेला.

अक्का आदल्या संध्याकाळी सेटवर चक्कर मारून गेल्या होत्या. "माझ्या सिनेमात असली चादर? उद्या मार्केटमधी लोक काय म्हनतील? मीच कारखान्यात नेऊन धुवून आनली. बघ, डाग एक नाही."

आर्टवाला कोपऱ्यात जाऊन बसला. पुन्हा मळवायला वेळ नव्हता. मी शीतलला म्हटलं, "काल मळकी, आज शुभ्र. गोष्टीत मध्ये रात्रही नाही. कसं जुळवायचं?"

शीतलनं घडी उलगडून शिवलेला कोपरा बघितला. मग आईचं काम करणाऱ्या वैशालीताईंना म्हणाली, "ताई, कालचे शॉट्स मुलगी जायच्या आधीचे धरू, आजचे ती गेल्यानंतरचे. मध्ये हे घालू. तुम्ही चादर धुताय, वाळवताय, परत अंथरताय. शेजारीण विचारेल, आज मधेच चादर काढलीस धुवायला? तुम्ही म्हणायचं, 'आली तर आजच येईल.'"

शॉट झाल्यावर अक्का डोळे पुसत माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "लिहिणाऱ्यात माझं नाव येतंय का बघ."

*

अक्कलकोटजवळ रडायच्या बायका हव्या होत्या. गावातल्या सात-आठ जणी आल्या, सगळ्या हौशी, सगळ्या हसऱ्या. मराठी त्यांना कळत होतं, पण बोलणं कानडीतच. कॅमेरा बघितला की पदर तोंडाला लावून हसायच्या.

शीतलनं त्यांच्यासमोर मांडी घालून सिनेमाची अख्खी गोष्ट सांगितली. आई कशी, मुलगी कशी, का गेली. सांगता सांगता तीच रडायला लागली. बायका पुन्हा हसल्या. एकीनं तिला पाणी दिलं.

मग आमचा ड्रायव्हर म्हाळप्पा पुढं झाला. तो तिकडचाच. कानडीत एकच वाक्य बोलला. बायकांचे चेहरे उतरले. एकीनं कपाळाला हात लावला. कॅमेरामन निखिल पुण्याचा, शांत मुलगा, त्यानं कुणाला न विचारता कॅमेरा चालू केला. असा शोक मी खऱ्या मयतीलाही पाहिला नाही.

शॉट झाल्यावर शीतलनं म्हाळप्पाला बाजूला घेतलं. "मला अर्धा तास लागला आणि जमलं नाही. तू एका वाक्यात काय सांगितलंस?"

"काय नाही, मॅडम. जेवण चार वाजता येतंय म्हटलं."

*

शीतलचे वडील एकदा सेटवर आले. रेल्वेतून रिटायर झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट. आल्या आल्या सगळ्यांना जयभीम घातला, खुर्ची नको म्हणाले. मुलगी पन्नास माणसांवर ओरडताना बघून त्यांना फार बरं वाटलं असावं. पण तसं बोलले नाहीत. जाताना अक्कांना गाठलं.

"मॅडम, एक विचारू? आमच्या शीतलला परमनंट कधी करताय?"

अक्का म्हणाल्या, "काका, तिलाच विचारा. तिनं मलाच अजून टेंपररी ठेवलंय."

काका गंभीरपणे मान हलवत शीतलकडं गेले आणि म्हणाले, "बाईंचं बघ जरा. मनाला लावून घेतलंय त्यांनी."

*

आता शेवट. म्हणजे सिनेमाचा.

करकंबला बापू नावाच्या शेतकऱ्यांचा ऊस आम्ही बोलून ठेवला होता. चांगला डोक्यावर गेलेला, हिरवागार, बाजूला विहीर. शेवटाचा पहिला तुकडा तिथं झालाही होता. आई बांधावरून धावत येते आणि उसाच्या तोंडाशी थांबते, एवढा. ती आत शिरते, मुलगी सापडते, हे पुढच्या आठवड्यात करायचं होतं. बापू म्हणाले होते, "निवांत करा. आमचा तोडीचा नंबर लई लांब हाय."

आणि एका सकाळी बापूंचा फोन. "ताई, साखर कारखान्याची ऊसतोड आली. टोळी रानात उतरलीया. आज न्हाय म्हटलं तर नंबर जातोय, मग ऊस वाळला तरी कोन इचारत न्हाय. माझा नाइलाज हाय बगा."

आम्ही मिळेल त्या गाडीनं करकंब गाठलं. पोचलो तोवर एक कड तुटली होती. कोयते चालू होते, ट्रॅक्टर बांधाला लागला होता. आसपासची रानं आधीच मोकळी झालेली. त्या भागात उभा ऊस म्हणावा असा तेवढाच, आणि तोही दर मिनिटाला कमी होत होता.

अक्कांनी टोळीच्या मुकादमाशी बोलून पाहिलं. तो म्हणाला, "मावशी, गाडी भरायची हाय. आमी थांबलो तर आमाला कोन थांबू देतंय?" त्यात खोटं काही नव्हतं. अक्काही कारखानेवाल्या. त्या परत आल्या आणि शीतलला म्हणाल्या, "थांबवता येत नाही गं."

निखिल म्हणाला, "चॅनलला सांगू. पुढच्या वर्षी करू."

शीतल चपला काढून बांधावर बसली होती. पुढच्या वर्षी म्हणजे काय, हे तिला माहीत होतं आणि आम्हालाही. ती तुटणाऱ्या उसाकडं बघत होती. मग उठली.

"आई आत जाणार नाही," ती म्हणाली. "आई बांधावर उभी राहून हाका मारेल. मुलगी मधोमध बसेल. ऊस तुटत तुटत तिच्यापर्यंत येईल. टोळीनं आपलं काम करायचं, कॅमेऱ्याकडं बघायचं नाही. तिच्यापुढची शेवटची ओळ पडली की मुलगी दिसेल, मग ती उठून आईकडं येईल."

निखिल म्हणाला, "आणि चुकलं तर? तुटलेला ऊस परत उभा नाही करता येणार."

"म्हणूनच चुकायचं नाही."

मुकादमाला मुलगी कुठं बसणार ती जागा दाखवली. त्यानं टोळीतल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं की, तिथं एक पोरगी बसलीय, कोयता जपून. सगळ्यांनी माना डोलावल्या. मयूरी, म्हणजे मुलीचं काम करणारी कॉलेजची पोर, आत जाऊन बसली.

वैशालीताईंनी हाका मारायला सुरुवात केली. "सोने... ए सोने..."

ऊस तुटत होता, मोळ्या पडत होत्या. हाका चालूच. आधी हाकेत राग होता, मग विनवणी आली, मग आवाज फाटायला लागला. नाटकात काम करणारी बाई, पण इतका वेळ कुणालाच एकसारखं ओरडावं लागत नाही. टोळी मान खाली घालून कापत होती. मी एकटक मोळ्यांवर नजर ठेवून होते, कुणी जागा बदलत नाही ना म्हणून.

आणि मधेच टोळीतली एक बाई थांबली. पन्नाशीची असेल. साडीवर पुरुषाचा शर्ट, डोक्याला फडकं. तिनं कोयता खाली ठेवला, कंबर सरळ केली आणि उभ्या उसात घुसली.

निखिलनं शीतलकडं बघितलं. साउंडवाल्यानं हेडफोन काढायला हात वर नेला. शीतलनं त्याचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं निखिलला खूण केली, चालू ठेव.

ऊस हलला. ती बाई मयूरीला मनगटाला धरून ओढत बाहेर घेऊन आली. "आईचा जीव घेतीस व्हय गं? कवाधरनं हाका मारतीया. चल, ऊठ." मयूरी खरंच घाबरली होती. बाईनं तिला मोळ्या ओलांडत बांधापर्यंत आणलं, वैशालीताईंच्या हातात तिचा हात दिला आणि मागं न बघता परत जाऊन कोयता उचलला.

वैशालीताई मुलीला धरून खाली बसल्या. त्या काय बोलल्या ते कुणाला ऐकू आलं नाही. पाठीमागं ऊस तुटत राहिला. शीतलनं शॉट बराच वेळ थांबवला नाही.

चॅनलनं तो शेवट पाहिला आणि सिनेमा घेतला. ते गृहस्थ फोनवर म्हणाले, "शीतल, त्या ऊसतोड बाईंचं काम कुणी केलंय? त्यांच्याकडून हे काढून कसं घेतलंत?" शीतलनं आम्हाला फोन ऐकवला आणि नुसती हसली.

कारण शॉट संपल्याबरोबर ती धावत त्या बाईकडं गेली होती, आणि मी तिच्या मागोमाग. शीतलला वाटलं, बाईंची समजूत काढावी. ती म्हणाली, "मावशी, घाबरू नका. खरं नव्हतं काही. शूटिंग होतं ते. मुकादमांनी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

बाईनं मान वर केली नाही. एक ऊस बुडातून तोडला, शेंड्याचं वाढं छाटलं, मोळीवर टाकला.

"सांगितलं हुतं की," ती म्हणाली. "पर ती लई येळ वरडत हुती."