पितराचं पथ्य

सर्व वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, मी एकदा मेलेलो आहे. फार वेळ नाही, एका जेवणापुरता. पण मेल्यावरही मला पथ्य चालू होतं, आणि सगळा घोटाळा तिथूनच झाला.

तेव्हा मी जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कारकून होतो. वय पस्तिशीचं, गुडघे मात्र सत्तरीचे. सकाळी फॅक्टरीच्या बसची पायरी चढताना माझ्या तोंडून असा आवाज निघे की ड्रायव्हर खाली उतरून गाडीखाली काय अडकलं ते बघत असे. शेवटी भंडाऱ्याच्या एका वैद्याला दाखवलं. त्यांनी गुडघा दाबला, मी ओरडलो, ते प्रसन्न झाले.

"आमवात आहे. उडीद बंद. चणाडाळ बंद. दही, ताक, चिंच बंद. तळलेलं बंद. वांगं बंद. भात बंद."

भात! धानाच्या जिल्ह्यात राहून! मी विचारलं, "मग सुरू काय आहे?"

"मूग," वैद्य म्हणाले.

पथ्याची अंमलबजावणी माझ्या बायकोकडे, कुसुमकडे आली. फॅक्टरीच्या गेटवरचा पहारासुद्धा तिच्यासमोर ढिला वाटावा! पोळ्याला शेजारच्या गावातून पूजेचे बैल आले, त्यांना तिने स्वतःच्या हाताने पुरणपोळी चारली आणि आत येऊन मला मूग वाढले. (त्या दिवशी आमच्या दारात बैल नेमका कोण, हे ठरवणं कठीण होतं.) गणपतीत प्रसादाचा मोदक मी नुसता कपाळाला लावून परत ठेवत असे. पण गुण आला! दोन महिन्यांत हातातली काठी सुटली. वैद्य म्हणाले, "आता एक दिवसही मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून."

एवढं सगळं होऊन सासरी मात्र यातलं अक्षर कळू द्यायचं नाही, असा माझा सक्त हुकूम होता. कारण सिहोऱ्याला, माझ्या सासुरवाडीत, मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी भर अंगणात कबड्डी खेळून तीन साळ्यांना लोळवलं होतं. त्या कीर्तीवर मी दहा वर्षं जेवत होतो.

अशातच पितृपक्षात माझा साळा वासुदेव दारात हजर.

"भाटोजी, उद्या सिहोऱ्याले चला. बाबाचं पित्तर आहे. मागच्या साली बसलेले शेजारचे काका तापानं पडले. मायनं सांगतलं, यंदा जवाईच पित्तर बसन."

आमच्या भागात पितर नुसतं पानावर जेवत नाही. गेलेल्या माणसाच्या नावाने एका जिवंत माणसाला पाटावर बसवतात, पाय धुतात, टिळा लावतात. पाटावरून उठेपर्यंत तो माणूस म्हणजेच तो गेलेला माणूस. त्याच्याशी तसंच बोलायचं, त्याच्या आवडीचंच वाढायचं. आणि माझ्या सासऱ्यांची आवड म्हणजे उडदाचे वडे, आंबट कढी, चिंच घालून केलेल्या कोचईच्या पानांच्या वड्या (कोचई म्हणजे तुमचं अळू) आणि डोंगराएवढा भात. थोडक्यात, वैद्यबुवांनी "बंद" म्हणून सांगितलेलं सगळं एका ताटात!

"आजारी आहो म्हणून सांगा," कुसुम मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली.

"आणि माझी कबड्डी?"

"कबड्डी गेली खड्ड्यात! मी दाराआडून पाहून राहीन. एक वडा तोंडात गेला तर याद राखा."

सासऱ्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आदल्या साली कावळा पानाला शिवेना, दिवस कलेपर्यंत सासूबाई पाण्याचा थेंब न घेता अंगणात बसून होत्या. वर्षभर त्यांच्या मनात तेच, की मालक उपाशी गेले. यंदा त्यांनी पहाटेपासून चूल पेटवली होती.

मी पाटावर बसलो. म्हणजे बसायला सुरुवात केली आणि अर्ध्या वाटेत "अयायायाय!" म्हणून उरलेली वाट एकदम आलो. सासूबाईंनी माझे पाय धुतले, टिळा लावला, आणि ताट पुढे आलं. सोनेरी वडे, वाफाळता भात, कढीवर तरंगणारी मोहरी. समोर सासूबाई, हातात पळी, डोळ्यांत पाणी. मागे दाराआड कुसुम, हातात काही नाही, पण डोळ्यांत बरंच काही.

अशा कोंडीत माणसाला नाटकाची बुद्धी सुचते. मी डोळे मिटले, आवाज जाड केला (सासऱ्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता) आणि म्हणालो, "वासूची माय, वडे नको."

पळी हवेतच थांबली. "काहून जी?"

"गुडघे दुखून राहिले."

मला वाटलं, विषय संपला. सासूबाई मटकन खाली बसल्या. "अगं माय! तिकडे बी?"

"तिकडे बी." आता मागे कसा फिरणार?

"वैद्य-गिद्य आहे का नाही तिकडे?"

"आहे ना. त्यानंच पथ्य सांगतलं."

"मंग खाता काय जी तुमी?"

"मूग."

यावर त्या जो हंबरडा फोडून रडल्या! "जन्मभर मूग पाहून तोंड फिरवलं या माणसानं! अन् देवाच्या घरी जाऊन मूग खाऊन राहिले! वासू, तेल आण रे!"

पुढे माझ्या हातात काही राहिलं नाही. वासुदेवने माझं धोतर वर सरकवून गुडघ्यांना कोमट तेल चोळायला घेतलं. "बाबा, इथं दुखते का?" वासुदेवच्या बायकोने निरगुडीचा पाला गरम करून बांधला. बातमी गल्लीत गेली. मोहाडीच्या बाजाराला निघालेल्या दोघी टोपल्यांसह आत डोकावल्या आणि तिथेच टेकल्या. सासऱ्यांचे जुने दोस्त सीतारामजी काठी टेकत आले आणि माझ्यासमोर बसून सरकारी वकिलासारखे बघू लागले.

"काहून गा, तुहे गुडघे कधी दुखले? मरायच्या आधल्या हप्त्यात तू धानाचं पोतं पाठीवर नेलं. मी सोता पाहिलं!"

"दुखणं तिकडे गेल्यावर लागलं," मी विहिरीतून म्हणालो.

"काहून?"

"तिकडे... पायऱ्या लय आहेत."

टोपलीवाल्या दोघींनी हात जोडले. सीतारामजी बराच वेळ स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

तोवर सासूबाई उठल्या. ज्याचं पथ्य त्याच्या कावळ्यालाही तेच! पितराच्या ताटात जे, तेच कावळ्याच्या पानात, आणि कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही. ताटातले वडे गेले. भात गेला. कढी गेली. ताटात आले मूग, बिनमिठाचा दुधी आणि ज्वारीची भाकरी. तेच पानात वाढून छपरावर ठेवलं. वासुदेवच्या धाकट्या पोरीने विचारलं, "आजोबाले वैद्यानं सांगतलं, आमाले कुठी सांगतलं?" तिला दोन धपाटे मिळाले. (तिचं म्हणणं मला पटलं होतं, पण मी मेलेला होतो.)

कावळा आला. त्याने पानाकडे पाहिलं. मग अंगणात, माझ्याकडे पाहिलं. आणि शेजारच्या छपरावर जाऊन बसला. दुसरा आला, त्याला पहिल्याने बहुधा हकीकत सांगितली, तोही तिकडेच बसला. मग आणखी चार. कावळ्यांची सभा भरली, पण मुगाचा ठराव मांडायला कोणी पुढे येईना.

ऊन कलायला लागलं. मुलं पेंगुळली. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या, ओठ सुकलेले, नजर छपरावर.

"मालक, काय राहिलं जी?" त्या हळूच म्हणाल्या. "माह्याकडून काही चुकलं का?"

आता मात्र माझं नाटक माझ्याच अंगावर आलं. माझी कबड्डी, माझी कीर्ती, आणि त्यापायी ही बाई दुसऱ्या वर्षीही उपाशी! खरं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात दाराआडून कुसुम बाहेर आली. हातात वड्यांची परात, कढीचं भांडं. माझ्यासमोर बसली आणि ताटात सहा वडे टाकले.

"खा बाबा. पोटभर खा. वैद्याचं मी पाहून घेईन."

एका दमात तिने वडिलांना जेवू घातलं आणि नवऱ्याला धमकी दिली.

मी जेवलो. दोन महिन्यांचा उपाशी मी आणि दोन वर्षांचे उपाशी सासरे, असे आम्ही दोघं एकाच तोंडाने जेवलो! वडा कढीत बुडवला की सासूबाईंचा चेहरा उजळे, म्हणून आणखी एक बुडवायचा. (हे कारण मी पुढे कुसुमलाही दिलं, तिने ते मान्य केलं नाही.) तिकडे वासुदेवने छपरावर वडा ठेवला, आणि त्याचा हात खाली येण्याआधी कावळा घेऊन उडालाही!

"शिवला! शिवला!" सगळी गल्ली ओरडली. सासूबाईंनी हात जोडले, मला विचारलं, "पोट भरलं का जी?" आणि मी खऱ्या मनाने म्हणालो, "भरलं, वासूची माय. आता तू जेव." त्या जेवल्या. वडे, कढी, भात, दोनदा मागून घेऊन. त्यांना तसं जेवताना मी त्यानंतरही क्वचितच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला खाटेवरून चौघांनी उतरवलं. वैद्यबुवा शब्दाला पक्के निघाले! सिहोऱ्याच्या एस.टी. थांब्यावर मी एका बाजूला वासुदेवच्या आणि दुसऱ्या बाजूला कुसुमच्या खांद्यावर लोंबकळत पोचलो. भरलेली गाडी आतून बघत होती. मी पायरीवर एक पाय ठेवला आणि "अयायायाय!" केलं. कंडक्टरने हात दिला, खालून वासुदेवने ढकललं, तरी दुसरा पाय काही येईना. पोचवायला आलेल्या सासूबाई माझ्या गुडघ्यांकडे बघत होत्या. मग त्यांनी तोंडाला पदर लावला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडल्या,

"अगं माय! मालक काल गेले, पण गुडघे जवाईबापूच्या अंगातच इसरून गेले!"