डब्यातली सुई

डब्यात अठरा वस्तू होत्या. गुलाबी मुठीची कात्री, डिंकाची बाटली, टिकल्यांची पुडी, चक्क एक आरसा. मण्यांचा पट्टा विणायला शिकणाऱ्या बाईला आरसा कशाला लागतो, ते डबा भरणाऱ्यालाच ठाऊक. ज्या चार गोष्टींवाचून मागावर एक रांगही चढत नाही, तिथे मात्र त्याने हात आखडला होता. मणी लहानमोठे, दोरा कच्चा सुती, माग पुठ्ठ्याचा, दोरे ताणले की मधोमध वाकणारा. आणि सुई कपडे शिवायची!

अन्नपूर्णाबाईंनी ती सुई एका मण्यात घालून पाहिली. टोक गेलं, नेढं अडलं. जोर लावला तर मणी कट्‌कन फुटला. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोनं देल्ला व हा डबा तुले?"

"क्लासमधून भेटला काकू, फ्री में," हर्षा म्हणाली. भिलाईच्या रिसाली वस्तीत त्यांच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारघरची ही सून. एका संस्थेने मणीकामाचा महिनाभराचा वर्ग काढला होता, तिथे ती पंधरा दिवस जात होती. "उद्या वापस करून देतो. सोनल मॅडम म्हणे, माहा हात जड हाये. ज्याईची पट्टी सीधी नाही, त्याईचं नाव काटून राहिले."

"अन् तुले खरं वाटलं?"

तिला खरं वाटलं होतं, ते तिच्या तोंडावरच दिसत होतं.

हात जड! अन्नपूर्णाबाईंनी हे दोन शब्द ऐकले त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. तिरोड्याहून लग्न होऊन त्या भिलाईत आल्या, नवरा पुंडलिक तिथल्या स्टील प्लांटमध्ये फिटर. थोरल्या जाऊबाईंनी हौसेने मणी आणले, असलीच जाड सुई हातात दिली आणि चार दिवसांनी सगळ्या कॉलनीत सांगून टाकलं की, आमच्या धाकटीचा हात जड आहे. अन्नपूर्णाबाईंनी ते मुकाट्याने पदरात घेतलं. बारा वर्षं त्यांनी मण्याला हात लावला नाही. कुणी रांगोळी घालायला बोलावलं तरी त्या मागे सरायच्या. बारा वर्षं म्हणजे काय थोडी झाली?

मग एका रविवारी पुंडलिक अंगणात स्कूटरची क्लच वायर बदलत बसला होता. तुटलेल्या वायरीतली केसासारखी एक तार फरशीवर पडली होती. बाईंनी ती सहज उचलली, दुमडली, पीळ दिला. दुमडीचं झालं नेढं. ती तार एका दमात दहा मण्यांतून पार गेली. बाई तिथेच बसून रडल्या, आणि पुंडलिकला वाटलं, बोटात तार घुसली.

पुढे त्याने जाळीच्या दाराची जुनी स्प्रिंग लाकडी चौकटीवर ठोकून माग करून दिला. स्प्रिंगच्या वेढ्यांत उभे दोरे आपोआप सारख्या अंतरावर बसायचे. त्या मागावर बाईंनी किती पट्टे विणले, याचा हिशेब त्यांनाही नाही.

हर्षाला त्यांनी त्याच मागासमोर बसवलं. मेण लावलेला नायलॉनचा दोरा, एका मापाचे मणी, तारेची सुई. मण्यांची ओळ उभ्या दोऱ्यांखालून न्यायची, बोटाने दोऱ्यांमधून वर दाबायची आणि सुई त्याच मण्यांतून, पण दोऱ्यांच्या वरून परत आणायची. एका मण्यातून दोनदा जायचं, म्हणून तर सुई बारीक हवी. एवढी साधी गोष्ट पंधरा दिवसांत कुणी सांगितली नव्हती. तासाभरात हर्षाची चार बोटं पट्टी झाली, फुटपट्टीसारखी सरळ.

"उद्या मी येतो तुह्यासंगं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात वीस बाया होत्या आणि सोनल मॅडमच्या हातात नावांची यादी. सात नावांवर रेघ मारलेली. अन्नपूर्णाबाईंनी तो डबा मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, एक लाइन बनाके दिखाओ. बस एक."

"अरे आंटी, इसमें क्या है," मॅडम हसल्या. त्यांनी डबा उघडला, मणी काढले आणि बोलता बोलता त्यांचा हात सवयीने स्वतःच्या पर्सकडे गेला. पर्समधून एक छोटी नळी निघाली. नळीत लांब, लवलवत्या, केसाएवढ्या बारीक सुया. मेणाच्या दोऱ्याचं रीळही तिथेच.

म्हणजे मॅडमला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वीस बायांच्या तोंडाला पानं पुसून ही स्वतःची सुई पर्समध्ये घेऊन फिरत होती. आता आपल्या तोंडून काय निघेल याचा अन्नपूर्णाबाईंना भरवसा राहिला नाही.

पण त्यांच्याआधी हर्षा उठली. पंधरा दिवसांत तिने या खोलीत तोंड उघडलं नव्हतं.

"डिब्बे की सुई से बनाओ ना, मॅडम."

मॅडमनी डब्यातली सुई घेतली. पहिल्याच मण्यात नेढं अडलं. त्यांनी जोर लावला, मणी फुटला.

"तो फिर," हर्षा म्हणाली, "मेरे हाथ को क्यों बोला?"

जाऊबाई वारल्या त्याला आठ वर्षं झाली होती. त्यांना हे विचारायचं राहूनच गेलं होतं. अन्नपूर्णाबाईंनी पदराने डोळे पुसले, टेबलावरची ती नळी उचलली आणि नावावर रेघ असलेल्या सातही बायांना एकेक सुई वाटून टाकली.