निघण्याआधी पोचलेली थैली

मेहकरात तेव्हा एक बातमी जोरात होती, की पोस्टातले दयारामकाका डाकेच्या थैल्या वाटेत फोडतात, पत्रं वाचतात आणि चवदार असतील ती ठेवून घेतात. खरं असं, की काका थैलीबरोबर वाटेनं जातच नसत. लाखेचं सील लावायचं, थैली सायकलला बांधायची, स्टँडवर एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करायची, संपलं त्यांचं काम. दुसऱ्याचं पत्र तर सोडाच, स्वतःच्या सासऱ्याचं पत्रही ते दोन-दोन दिवस खिशात बंद ठेवत.

बातमीला पाय फुटले ते एका चिठ्ठीमुळे. थैलीला पोचायला किती वेळ लागतो हे बघायला खात्यानं पंधरा दिवसांची नमुना नोंद मांडली होती. प्रत्येक थैलीला एक चिठ्ठी. निघाली की काकांनी वेळ लिहायची, अमडापूरला उतरली की तिथल्या किसनराव मास्तरांनी. चौथ्या दिवसाची चिठ्ठी परत आली ती अशी: मेहकरहून निघाली, दोन दहा. अमडापूरला पोचली, एक पन्नास. वेळा लपवतो म्हणजे वाटेत काहीतरी करतो, असं गावानं धरलं.

मी तेव्हा त्याच पोस्टात होतो. आमचे पोस्टमास्तर माणिकराव शिंक अडकल्यासारखे दर शब्दाला थांबत. "थैलीले... पंख... फुटले काय, दयाराम?" मग त्यांनी हळूच सुचवलं, की दोनाचे बारा करून टाक, मिटलं.

काकांनी खोडरबर घेतलं नाही. चिठ्ठ्या ज्या साहेबाकडे जाणार, त्याच्याच टेबलावर काकांचा कायम होण्याचा कागद पडून होता. नऊ वर्षं हंगामी काढली होती. वेळा खोट्या लिहितो असा शेरा पडला, की दहावंही तसंच.

त्यांनी एक दिवस रजा टाकली. पोस्टातल्या घड्याळाला तारेवरून रोज खरी वेळ मिळे. त्याच्याशी घरचं गजराचं घड्याळ जुळवलं, पंच्यात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन पहाटेची गाडी धरली. वाटेत गजर वाजला, तशी अर्धी गाडी उतरायला उठली.

अमडापूरला काका पोस्टाच्या बाकावर बसून राहिले. चिखलीची गाडी दहाची, ती आली साडेअकराला. ती दिसताच किसनराव पानाचा तोबरा सांभाळत स्टुलावर चढले आणि भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागे फिरवून दहावर आणले.

"काऊन मांगं घेतली घडी, भाऊ?"

"गाडी आली ना. गाडी आली म्हंजे दहा."

"अन् बाराले आली त?"

"तरी दहाच. सारं गाव असंच चालते."

यात लबाडी काही नव्हती. ते घड्याळ मनाला येईल तसं चाले, म्हणून ते गाडीवर लावायची रीत आधीच्या मास्तरापासूनची. गाडी उशिरा, तर गावाची दुपार उशिरा. कोणाचं अडत नव्हतं. फक्त चिखलीची गाडी दोन तास रखडली, की मेहकरची थैली निघण्याआधीच पोचत होती.

काकांनी पंचा सोडला आणि आपलं घड्याळ समोर ठेवलं. किसनरावांनी आळीपाळीनं दोन्हींकडे पाहिलं. पान चघळायचं थांबलं.

"म्हंजे मी तुमाले खोटं पाडून राह्यलो होतो," ते म्हणाले.

ठरलं असं, की उद्यापासून घड्याळ ग्रामपंचायतीच्या रेडिओवर, बातम्या सुरू होताना लावायचं. गाडी आली तरी काट्याला हात नाही. चौथ्या दिवसाची चिठ्ठी काकांनी सोबत आणली होती; घडलेलं सारं किसनरावांनी तिच्या मागे लिहून खाली सही ठोकली.

पुढच्या चिठ्ठ्या शहाण्यासारख्या आल्या. एक तास पन्नास, दोन तास, पुन्हा एक पन्नास. एका दिवशी टायर फुटून पावणेतीन तास लागले. काका सर्वांत खूश झाले ते त्या चिठ्ठीवर. "उशीर हाय, पण खरा हाय," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले.

महिन्याभरात कायमचा कागद आला. मनकर्णाकाकूंनी तो ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ठेवला, आणि काका भरदुपारी, पायांतल्या चपलांसकट, खाटेवर घोरू लागले.

जिलबी गार होईल म्हणून त्यांना उठवावं लागलं. साहेब काही गजराच्या घड्याळावर विश्वास ठेवायचा नाही, अशी मी त्यांच्याशी अर्ध्या किलोची पैज लावली होती.