मावशींची राहिलेली दीक्षा

त्या बाइंडिंगखान्यात दीक्षा या शब्दाचा साधुसंन्याशांशी काडीचा संबंध नव्हता. वर्षभर काम शिकलेल्याने एक कोरी वही बांधायची. सर्वांत जुन्या कारागिराने ती सगळ्यांसमोर दोन्ही पुठ्ठे धरून ओढायची. टिकली, तर सगळ्यांनी आत सही करायची. माणसाने दीक्षा घेतली, तो कारागीर झाला. फाटली, तर आणखी वर्षभर खळ ढवळ बाबा! आणि दीक्षा द्यायची ती दीक्षा घेतलेल्यानेच.

मावशी तिथे आजारी नवऱ्याच्या जागी पंधरा दिवस बदलीवर आली होती. पंधरा दिवसांच्या पाहुणीला कोण दीक्षा देणार? नवरा काही उठला नाही आणि पंधरा दिवसांची एकवीस वर्षं झाली. जुने एकेक करून गेले, थोरले काका तेवढे उरले आणि सगळे धरूनच चालले की मावशींची झालेली असणार. तिनेही अवाक्षर काढलं नाही. लाज वाटायची, खरं सांगायचं तर रागच जास्त यायचा.

मग टॅक्सी सोडून आलेल्या एका गड्याचं वर्ष भरलं. सगळे जमले. थोरल्या काकांचे हात आता थरथरत.

"मावशी, माझ्यानंतर तुम्हीच जुन्या. वही तुम्ही ओढा," ते म्हणाले.

गप्प राहिली असती तर मान मिळत होता. पण त्या गड्याची दीक्षा पोकळ ठरली असती.

"मला नाही ओढता येणार, काका. माझीच राहिलीय."

"काहीतरीच काय!"

"बदलीवर आले होते ना. पुढे कुणी विचारलंच नाही."

काका तिच्यासमोर येऊन बसले. "चूक माझी," ते म्हणाले. "वही बांधायला किती दिवस लागतील?"

मावशीने टेबलाच्या खणातून एक वही काढली. पहिल्याच वर्षी बांधलेली, पुठ्ठ्याचा रंग उडालेली.

काकांनी ती जपून ओढली.

"दया नको, काका. जोर लावा!"

त्यांनी एक पुठ्ठा गुडघ्याखाली दाबला आणि दुसरा दोन्ही हातांनी खेचला. टाके करकरले, पण धागा तुटला नाही. काकांनी पहिली सही केली, मग बाकीच्यांनी. मावशीला रडू आवरेना. टॅक्सीवाल्यानेही पेन उघडलं, तशी तिने वही झटकन मिटली.

"तुमची अजून व्हायचीय. आणा इकडे."

आणि डोळे न पुसताच तिने त्याच्या वहीचे दोन्ही पुठ्ठे घट्ट धरले.