पाच मिनिटं गप्प

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकूरच्या स्टँडवरच होतो. समोर गाडी लागली होती, तीत चढलो आणि खिडकीशी बसून डोळे पुसत राहिलो. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" म्हटलं, "नांदेड." तो म्हणाला, "काका, ही लातूरला चाललीय. नांदेड मागं राहिलं." मधेच उतरून, उलटी गाडी धरून पोचेपर्यंत सगळे स्मशानातून परतले होते. बालमित्राचं शेवटचं दर्शन हुकलं ते असं... लोक विचारतात, हार्टचा डॉक्टर हार्टनंच गेला का? नाही. न्यूमोनियानं गेला. हृदय शेवटपर्यंत ठणठणीत होतं.

भोकरच्या शाळेत आम्ही एका बाकावर. तो हृदयरोगतज्ज्ञ झाला, मी चाकूर तालुक्यातल्या एका गावात मास्तर. दोघांच्याही मार्कांना न्याय मिळाला. नांदेडला त्याचा दवाखाना जोरात चालायचा, पण एक गोष्ट त्याला खात होती. पोट सुटलेलं नाही, दिवसभर शेतात राबणारी, अशी चाळिशीतली माणसं छाती धरून यायची. तो म्हणायचा, "रक्तवाहिनी तुंबली की येतात माझ्याकडं. त्याच्या आधी कुठं असतात रे ही माणसं?" ते बघायला त्यानं नांदेड-लातूरकडची पाच गावं धरली. दर रविवारी गाडी काढायचा आणि घरोघर रक्तदाब मोजत फिरायचा. माझ्या गावची मोजणी त्यानं माझ्यावर सोपवली, कारण मास्तरला कुठलंही दार उघडतं.

पट्टा बांधायला, पारा चढवायला, कानानं ठोका ऐकायला त्यानं मला शिकवलं. एका नियमावर मात्र फार जोर होता. मोजण्याआधी माणसाला खुर्चीत टेकवून बसवायचं, पाय जमिनीवर, आणि पाच मिनिटं गप्प. "त्यानंही गप बसायचं अन् तूही," असं त्यानं दोनदा बजावलं. आता आमच्याकडं पाहुणा येऊन पाच मिनिटं गप्प बसला, तर घरातली बाई पदर डोळ्याला लावून विचारते, "कोण गेलं?" मग मी त्या पाच मिनिटांत आपले किस्से सांगायचो. हेडमास्तरांना प्रयोगशाळेत कोंडून घरी जेवायला गेलो तो, तपासणी अधिकाऱ्याला चपराशी समजून पाणी आणायला धाडलं तो. माणसं खूश. काहीजण दुसऱ्यांदा मोजायला घरी बोलवायचे.

वर्षभरानं दिगंबरचा फोन आला. आवाज चढलेला. चार गावांचे आकडे एका रेषेत होते, माझ्या गावचा रक्तदाब एकटाच वर. त्यानं विहिरीचं पाणी तपासायला नेलं, घराघरातलं मीठ, लोणचं, तंबाखू, सगळं लिहून घेतलं. कारण सापडेना, पण आकडे तर समोर होते. निबंध लिहिला, एका मोठ्या परिषदेनं तो स्वीकारला, आणि त्याच्याच जोरावर मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेनं त्याला बोलावणं पाठवलं. आयुष्यभर त्याला हेच काम करायचं होतं.

जायच्या आधीच्या रविवारी तो म्हणाला, एकदा तुझी मोजणी बसून बघतो. कोपऱ्यात बसला. खुर्चीत गंगूमावशी होत्या आणि मी हेडमास्तर कोंडत होतो. मावशी हसून हसून लाल. मी पट्टा बांधला, आकडा लिहिला. तो उठला आणि म्हणाला, "मावशी, आता मास्तर गप बसणार हायत. तुम्ही बी बसा." घड्याळ काढून पाच मिनिटं मोजली. पारा चांगलाच खाली थांबला. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. दुपारपर्यंत काही सांगायचं उरलं नाही.

"पाण्यात काही न्हाई," तो म्हणाला. "गावात तू हायेस."

मी म्हटलं, "दिग्या, कुणाला कळणार हाय?"

"निबंध वाचून उद्या कुणीतरी येईल आन् गावाला मीठ तोडायला सांगंल. तुझ्या गप्पांपायी मावशीनं अळणी खावं व्हय?"

निबंध त्यानं मागं घेतला. बोलावणंही गेलं. सगळं गाव नव्यानं मोजलं; त्यात पुढच्या वर्षाचे सगळे रविवार गेले आणि मी तोंडात सुपारी धरून बसलो. माझं गाव इतर चार गावांसारखंच निघालं. जो निबंध छापून आला त्यात नवल असं काही नव्हतं, म्हणून त्याला कुणी बोलावलं नाही. शेवटी आभाराच्या ओळीत माझं नाव होतं. माझ्यावर तो कधी चिडला नाही. हे मला बरं वाटायचं की वाईट, अजून ठरलेलं नाही.

तेरवीला मी बरोबर गाडीत बसलो. त्याच्या घरचा जिना चढून धाप लागली, म्हणून मेडिकल कॉलेजात त्याच्या हाताखाली शिकलेल्या डॉ. संध्यानं मला त्याच्या खोलीत नेऊन तिथल्या जुन्या खुर्चीत बसवलं. पट्टा घेत म्हणाली, "सर दरवर्षी पहिल्या तासाला हीच गोष्ट सांगायचे. तरुणपणी त्यांनी एका गावात ही पाच मिनिटं पाळली नाहीत, रुग्णांशी गप्पा मारत बसले, आणि अख्खा निबंध मागं घ्यावा लागला. 'मी बडबड्या होतो,' म्हणायचे."

मी माझ्याच फजित्या सांगून मैफली जिंकणारा माणूस. त्यातली सगळ्यात मोठी फजिती त्यानं जन्मभर स्वतःच्या नावावर सांगितली, आणि मला पत्ता नाही... तोंड उघडलं होतं, तिला खरं काय ते सांगायला. ती म्हणाली, "आधी पाच मिनिटं, काका."

पाय जमिनीवर टेकले. वहिनी पाणी घेऊन आल्या, थबकल्या. "भाऊजी, तुम्ही आन् गप्प? बोला की काहीतरी."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं. अजून तीन मिनिटं व्हायची होती.